डिम

वर्षातून दोनदा मी येल बेटावर येते,
भिंगांची पेटी घेऊन, शेवटच्या फेरीबोटीने.
हॉलच्या भिंतीला अक्षरांचा तक्ता टांगते
आणि एकेकाला विचारते, खालून तिसरी ओळ?

ओस्ला, वय ब्याऐंशी, म्हणते, सगळं डिम झालंय.
मी लिहिते: अंधुक.
धुक्यासारखं का? ती मान हलवते.
धुकं तिला माहीत आहे, धुकं बाहेर असतं,
त्याला वास असतो, त्यात मेंढ्या खोकतात.
हे आतलं. कुणीतरी न विचारता वात खाली केल्यासारखं.
मी अंधुक खोडते. मिणमिणतं लिहिते.
तेही खोडते. तोवर तिने चहा संपवलेला असतो.

मॅगीबेल हॉल समितीची अध्यक्ष.
शनिवारच्या नाचासाठी पोरांनी दिव्यांना फिरतं बटण बसवलं,
उजेड हवा तेवढा खाली आणायला,
त्याबद्दल तिचं मत डिम आहे.
(इंग्रजीत नाक मुरडायलाही उजेड कमी करावा लागतो.)
पावलं दिसत नाहीत, म्हणते,
आणि पावलं दिसेनाशी झाली की हात कुठे जातात ते मी पाहिलंय.
साठच्या सालात, याच हॉलमध्ये.
मग स्वतःच हसते, खोकला येईपर्यंत.

गिब्बी टोपी हातात घेऊन बसतो.
तक्त्याकडे बघतच नाही.
अक्षरांचं आणि माझं जमलं नाही, म्हणतो.
आठ वर्षांचा असताना मास्तरांनी प्रगतिपुस्तकात
एकच शब्द लिहिला होता. त्यांच्या लिपीत तीन अक्षरं,
माझ्या लिपीत दोन.
आई शेजारणीकडे गेली, वाचून घ्यायला.
शेजारीण बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, ठीक आहे असं लिहिलंय.
हे त्याला कळलं चाळिसाव्या वर्षी, शेजारणीच्या मयताला,
तिच्या मुलीकडून.

मी लहान मुलांसाठीचा चित्रांचा तक्ता काढते.
घर. छत्री. किल्ली. भराभर सांगतो, सगळ्यात बारीक ओळीपर्यंत.
होडीपाशी अडतो.
दिसत नाही का?
दिसते. चुकीची आहे.
डोलकाठी फार मागे घेतली आहे, ही होडी
सारखी वाऱ्याकडे तोंड करत राहील, घरी येणार नाही.
कुणी काढली ही?
मला माहीत नसतं. बारा वर्षं मी ही होडी
पोरांना दाखवत आले आहे.

रात्री साडेअकरा. सूर्य बुडाला आहे पण गेलेला नाही,
उत्तरेला, पाण्याच्या कडेला, खांद्यापर्यंत बुडून उभा.
कुरणं राखाडी आणि तरीही हिरवी.
जूनमधल्या या उजेडाला इथे सिमर डिम म्हणतात,
आणि हा डिम म्हणताना
कुणीही आवाज खाली आणत नाही.
माणसं मुद्दाम जागी राहतात त्याच्यासाठी.

गिब्बी दलदलीवर आहे,
जळणासाठी कापलेल्या मातीच्या विटा
वाळायला उभ्या करतोय, तीन-तीन, एकमेकींना टेकवून.
ओस्ला काठीशिवाय कुंपणापर्यंत येते.
मी हात पुढे करते, ती तो घेत नाही.
या वेळेला, म्हणते, तुम्हाला सगळ्यांना
माझ्याइतकंच दिसतं.

आजीचा नाही, पण माझ्याही भाषेत असा एक शब्द आहे.
वर्गात तो ज्याच्यावर पडतो
त्याचं डोकं कायमचं खाली जातं.
आणि तोच शब्द आम्ही वाऱ्याला लावतो,
रात्रभर चुलीत टिकणाऱ्या आचेला,
आणि उशाशी ठेवलेल्या फुलाच्या वासाला.
मी तो ओस्लाला म्हणून दाखवते. मंद.
ती दोनदा म्हणून बघते. चांगला आहे, म्हणते,
तोंड मिटून संपतो, आमच्यासारखाच.

सकाळची फेरी. कागद पूर्ण करायचे आहेत.
गिब्बीच्या नावापुढे: दोन्ही डोळे उत्तम.
ओस्लाच्या रकान्यात आकडे भरते, तिथे आकडेच चालतात.
चित्रांचा तक्ता गुंडाळताना दिसतं,
होडीवर पेन्सिलने कुणीतरी
डोलकाठी पुढे सरकवली आहे.
जुनी खोडलेली नाही.
पुढच्या बेटावर पोरं विचारतील, दोन का?