सुस्थितीत

कोर्टाच्या भिंतीलगत, निंबाखाली माझं टेबल.
दिवसाला चार-पाच भाडेकरार टाइप करते.
कलम नऊ मला झोपेतही येतं:
सदर जागा सुस्थितीत मिळाली, सुस्थितीतच परत करीन.

झोप मात्र येत नाही.

देवपुरात, राजधर आप्पांच्या खालच्या दोन खोल्या.
फळीच्या फटीत, पलंगाच्या खाचांत, बटणांच्या पाटीमागे
मसुराच्या डाळीएवढे, चपटे.
दिवसा घरात कुणीच नसतं.
दिवा मालवला की चादरीवर वर्दळ सुरू.
मोबाइलच्या उजेडात एकेक चिरडते,
आणि मग तो वास.
ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको.

मनस्वीच्या दंडावर तीन-तीन टिपक्यांच्या ओळी,
पूर्णविराम पूर्णविराम पूर्णविराम.
बाईंनी वहीत लिहून पाठवलं, डॉक्टरांना दाखवा.
तेव्हापासून ती पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून शाळेत जाते.
एप्रिलात. धुळ्यात.

आप्पांना सांगितलं, जिन्यात उभं राहून, हळू आवाजात,
जशी काही अंडी मीच घातलीत.
ते म्हणाले, 'आमना घरमा ढेकूण नव्हतात.
तुम्हीच लई उनात.'
पलंग त्यांचाच. कलम चारच्या यादीत आहे:
छताचा पंखा एक, सागवानी पलंग एक.
पलंगाच्या पोटात काय, ते यादीत नाही.
गादी गच्चीवर टाकू का विचारलं,
तर वर बिबड्या वाळत होत्या.

माझ्या पुढच्या खुर्चीत बसून कितीजणांनी विचारलंय,
बाई, आता काय करता येईल?
आणि मी, बाटलीचं झाकण फिरवत, सांगितलंय:
लेखी द्या. तारीख टाका. पोच घ्या.
फवारणीची पावती जपा; भाड्यातून वळती करायची
तर आधी वकिलाला विचारा,
नाहीतर सकाळी नळ बंद असतो.
महापालिकेत अर्ज करा, पण झेरॉक्स ठेवा, अर्ज हरवतात.
नाहीतर सोडा जागा.
'सोडा' फार पटकन टाइप होतं.
माझी अनामत वीस हजार, अकरातले सात महिने बाकी,
आणि हे तर पिशवीच्या शिवणीत बसून
नव्या घरीही येतील, भाडं न देता.

शेवटी स्वतःसाठी कागद घातला.
खाली सही करणार कल्पना नंदलाल बागुल.
'उपद्रव' लिहिलं. खोडलं.
'कीटक' लिहिलं. तेही खोडलं.
ढेकूण.
बाराशे करार झाले असतील या बोटांखालून,
हा शब्द पहिल्यांदा आला.

वर दार सुपडामायने उघडलं. आप्पा बाजारात.
कागद तिने उलटा धरला, मग मलाच वाचायला लावला.
ऐकता ऐकता मानेवरचा पदर सरकवला.
तीन टिपके. खाली आणखी तीन.
तिच्यामागे प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवर घडी केलेला टॉवेल:
महिनाभर ती तिथेच बसून झोपत होती.

'त्या मन्हं आयकतस नहीत. तू कागद दे.
यामा मन्हं बी नाव टाक.'

म्हटलं, माय, तुम्ही तर मालकीण.

ती हसली, खाजवत.
'कोन मालकीन? मी बी भाडेकरूज शे.
चाळीस वरीस व्हयनात.
करार नही, पावती नही.'

रात्री दुसरी प्रत काढली.
खाली सही करणार, अनेकवचनात.
एक सही, एक अंगठा.
शाईचं बोट तिने कितीतरी वेळ पुसलं नाही.

आज गच्चीवर बिबड्या नाहीत.
माझी गादी आहे, तिची गोधडी आहे,
आणि आम्ही दोघींनी कोपऱ्या सोलत वर नेलेला पलंग.
सिमेंट असं तापलंय की चपलेतून चटका बसतो.
याने ते मरतील की भिंतीत सरकतील, माहीत नाही.

आप्पा जिन्यात थांबून कागद वाचतायत.
तारीख दोनदा विचारून झाली.
अंगठा कोणाचा, ते अजून विचारलेलं नाही.
डाव्या हातात कागद,
उजव्याने मान खाजवतायत.