पंचनाम्याच्या आधी

फाल्गुनात बोधडीच्या वरच्या अंगाला
पाऊण तास वारं आलं, मग गारा.
सकाळी मोजायला गेलो: टेप, हातोडा, निळा रंग
आणि इस्तारी कनाके, ज्याला या रानातल्या झाडांची
नावंच नाही, स्वभावही ठाऊक.

साग मुळासकट उताणे.
सलया कमरेत मोडलेल्या.
एका धावड्याची साल विजेनं
शेंड्यापासून बुडापर्यंत काढलेली,
दातानं ऊस सोलावा तशी.

एकशे सेहेचाळीसपर्यंत आकडे टाकले.
इस्तारी एका सलईपाशी वाकला. "साहेब, नाक लावा."
लावलं.
आत कुठंतरी मोहाची दारू उतरत होती.
"मरताना झाड आंबतंय," तो म्हणाला,
"पिणाऱ्याला मंग सांगावा धाडावा लागत न्हाई."

खरंच, ते आमच्या आधी पोचले होते.
तिळाएवढे भुंगेरे,
सुईच्या नेढ्याएवढं दार पाडून आत गेलेले,
दारादारात भुशाची पांढरी चिमूट.
सुरीच्या टोकानं त्यानं एक ढलपी उचकली:
बोगदे, काळपट ओल्या भिंतींचे.
लाकूड खात नाहीत हे.
अंगावर बुरशीचं बियाणं घेऊन येतात,
अंधारात पेरतात, पिल्लांना तेच भरवतात.
मला हे प्रशिक्षणात शिकवलं होतं, फळ्यावर.
इस्तारीला कुणी शिकवलं, विचारायचं राहिलं.

धावडा अजून मेला नव्हता.
फाटल्या सालीच्या काठाला डिंक आणून
त्यानं दोन भुंगेरे जागीच बुजवले होते.
तिसरा शेजारीच भोक पाडत होता.
"टिकंल का?"
"पाणी किती हाय आत, त्याच्यावर हाय."
त्या साली पाणी कुठंच फारसं नव्हतं.

श्रावणात परत गेलो.
छप्पर उडालेल्या जागी ऊन थेट भुईवर,
तरोटा गुडघाभर, त्यावर पिवळी फुलपाखरं,
आणि पडल्या खोडावर एक गांधीलमाशी,
अंगापेक्षा लांब शेपटीची.
ती मिशांनी साल चाचपत फिरत होती,
आतल्या अळीची चाहूल घेत.
थांबली. शेपटी उभी रोवली.
इस्तारीनं मला हातानं मागं सारलं,
कुणाच्या दारात काम चालू असावं तसं.

धावड्याच्या एका अंगाला पालवी होती.
दुसऱ्या अंगाला भोकंच भोकं.
रकाने दोनच: उभे, मृत.
क्रमांक एकशे सत्तेचाळीससमोर
मी शेऱ्यात लिहिलं, अर्धा.

फाईल लाल शाईत परत आली:
अर्धा म्हणजे काय? खुलासा करावा.

खुलासा अजून दिला नाही.
रात्री नाक्यावर खाट टाकतो, मागं डेपोत
सागाच्या थप्प्या, क्रमांक घातलेल्या, शिक्का मारलेल्या.
दिवा मालवला की त्यांतून
करकर, करकर सुरू होते.
थांबते.
मी कुशीवर वळलो की पुन्हा.