गवत कापायचं यंत्र

जुलै अर्धा सरलाय. लीग संपून दोन महिने झाले,
पुढची अजून कुणाच्या स्वप्नातही नाही.
कुडचड्याला स्टेशनरोडवर, रेमेदच्या गाड्यापाशी,
रस-आमलेटच्या वाफेत
आम्ही रोज संध्याकाळी क्लब चालवतो.

क्लब आमच्या मालकीचा नाही, एवढीच अडचण.

कायतान म्हणतो, ओर्फिनोला द्यायला नको होता.
बारा वर्षं गोलात उभा राहिलेला माणूस
असा देतात का कुंकळ्ळीवाल्यांना,
दोन लाख आणि एक गवत कापायचं यंत्र घेऊन?
पावाचा तुकडा हवेतच धरून तो विचारतो.
रस मनगटावरून कोपराकडे निघालेला.

शिरवईकर मास्तर वहीच काढतात,
शाळेतली हजेरीची जुनी, लाल रेघांची.
गेल्या मोसमात खाल्लेले गोल एकवीस.
त्यातले अकरा उजव्या अंगाला, जमिनीलगत.
"छत्तिशी आली त्याची. वाकायला वेळ लागतो.
द्यायचा तर आत्ताच, दुसऱ्या कुणी मोजायच्या आत."
"माणूस आहे की खाणीतला माल," कायतान म्हणतो,
"ग्रेड बघून विकायला?"
यावर सगळे गप्प.
खाण बंद पडली तेव्हा कायताननं ट्रक विकायला काढला होता
आणि घेणाऱ्यानं टायर लाथेनं तपासले होते.

फळदेसायांचा रोहिदास मधली वाट काढतो:
ओर्फिनो ठेवायचा, डावा बॅक द्यायचा,
त्याच्या बदल्यात वास्कोचा तो उंच पोरगा,
उरलेल्या पैशांत पॅव्हेलियनचे पत्रे.
बिलाच्या पाठीवर बाण काढून दाखवतो.
बाण सुंदर आहेत.
त्या बाणांवर आपण केव्हाच लीग जिंकलोय.

मी बोलत नाही.
क्लबच्या कचेरीत टायपिंग करतो मी, फार्मसीच्या माडीवर.
हे यांना ठाऊक आहे, म्हणून रस जरा जास्त मिळतो
आणि अधूनमधून एखादी नजर.
काय सांगू?
की ते पत्र माझ्याच बोटांनी गेलं?
की "हा कोणता, तो उंच की तो टकला?"
असं एकदा विचारून सेक्रेटरींनी सही केली?
की तो विषय क्रमांक सात होता,
सहावा संडासातल्या नळाचा,
नळाला पंचवीस मिनिटं लागली
आणि ओर्फिनोला चार?
यांच्या तीन आठवड्यांच्या भांडणासमोर
ही चार मिनिटं ठेवायची मला लाज वाटते.

शेजारी चण्यांची पाटी घेऊन पिदाद बसते.
आमच्याकडे न बघता म्हणते,
"पेनल्टीला तो डोळे मिटायचा."
कोण?
"तुमचा ओर्फिनो. गेली दोन वर्षं.
मी गोलाच्या मागं बसते, जाळीतून दिसतं.
मिटायचा, आणि एका बाजूला पडायचा.
कधीकधी बॉल तिथंच यायचा."

मास्तरांची पेन्सिल थांबते.
वहीत याला रकाना नाही.
कायतान पाव खाली ठेवतो.
"म्हणजे त्यानं अडवले ते सगळे..."
"सगळे नाही रे. फायनलचा तेवढा बघून अडवला."
आणि ती कुणाची तरी पुडी बांधू लागते.

यंत्र सोमवारी आलं. केशरी, ताडपत्रीखाली.
न ठरवता आम्ही सगळेच बघायला गेलो.
मैदानात गवत घोट्याच्या वर.
गोलापुढचा तो तांबडा तुकडा,
बारा वर्षं दोन पायांनी घासून टकला केलेला,
तिथंही आता बारीक कोंब आलेत.
माळ्यानं दोरी ओढली. यंत्र खोकलं. पुन्हा ओढली.
"डावा बॅकच द्यायला हवा होता," रोहिदास म्हणाला.
मास्तरांनी यंत्राचा नंबर वहीत उतरवून घेतला.

कायतान खांबांच्या मागं गेला,
पिदाद बसते त्या दगडापाशी.
जाळी कधीच काढून ठेवलेली.
तरी जाळीतून बघावं तसा डोळे बारीक करून
बराच वेळ आत बघत राहिला.