पाठकोरा

लोहाऱ्याची गाडी नुकतीच गेलेली,
खिडकीपुढं गर्दी नव्हती,
तेव्हा ती आली. पाठीवर सॅक, नाकाची कातडी उन्हानं सोललेली.
तेरला जायचं होतं, मातीच्या जुन्या बाहुल्या बघायला.
बी.एस्सी.चा एक पोरगा मध्ये उभा राहून
तिचं मला आणि माझं तिला पोचवत होता.

मी सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं:
फलाट तीन. पाटीवर जाऊ नका, पाटी कालची असते.
दुपारची गाडी आहे, उजव्या अंगाला बसा, डावीकडं ऊन.
सुटे ठेवा.
नळाचं पाणी नको, रसवंतीमागं रांजण आहे, तिथलं घ्या.
परतीची शेवटची साडेसहाला म्हणतात,
तुम्ही सव्वासहालाच उभ्या राहा.

गाडी चाळीस मिनिटं लेट.
नाव विचारलं. नूरिया.
म्हटलं, नूर आमच्यातही असतं.
गाव समुद्राकाठचं; त्याचं नाव मला अजून धड म्हणता येत नाही.
मग मीच विचारलं, आणि तीस वर्षांत खिडकीच्या या बाजूनं
पहिल्यांदाच कुणी विचारलं असेल,
तुमच्याकडं यायचं तर कसं?

जुन्या वेळापत्रकाचा पाठकोरा कागद दिला तिला.
ती लिहीत गेली, पोरगा सांगत गेला.

विमानतळावर टॅक्सी करू नका, लुटतात.
(ऐकून बरं वाटलं.)
निळी बस धरा, शेवटच्या थांब्यापर्यंत.
तिकीट मशीनच्या तोंडात द्यायचं, कंडक्टर नसतो.
नसतो म्हणजे? मी दोनदा विचारलं.
नसतो.
दोन ते पाच दुकानं बंद, माणसं झोपतात.
आमच्यातही झोपतात, दुकान उघडं ठेवून.
पाकीट पुढच्या खिशात.
किनारा गोट्यांचा, तापतो, पायात चप्पल असू द्या.
पिवळा बावटा असेल तर गुडघ्याइतक्याच पाण्यात,
लाल असेल तर काठावर बसून बघा.
पाण्यात जांभळं काही थुलथुलीत दिसलं तर हात लावू नका.
ऑगस्टात येऊ नका,
ऑगस्टात आम्हीच तिथं नसतो.

बरं, पण समुद्र कुठं, थांब्यापासून?
ती हसली. पोरगा म्हणाला,
चाचा, ती म्हणतीय उतार धरायचा.
कुठल्याबी गल्लीत शिरा, उतार धरला की लागतोच.

तेरचं कापड म्हणे एकेकाळी
बैलगाड्यांवरून बंदरात आणि तिथून तिकडं जायचं.
तेव्हा चौकशीला कोण बसत असेल?
परतीची शेवटची केव्हा, हे त्या गाडीवानांना
कुणी तरी सांगितलं असेल का?

गाडी लागली. ती उजव्या अंगालाच बसली.
संध्याकाळी परत आली की नाही, माहीत नाही,
माझी ड्युटी चारला संपते.

कागद टेबलाच्या काचेखाली आहे, तिची बाजू वर.
ताहेरा म्हणते, घरी आणा, फ्रेम करू.
चौकशीचा कागद, चौकशीतच बरा.

एका शुक्रवारी ड्युटी सुटल्यावर
मीही उतार धरून बघितला.
शिंप्याची गल्ली, गिरणी, पडक्या विहिरीला वळसा,
मग बाभळी, मग भोगावती.
पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती,
एक शेळी सीमारेषेवर.
गोटे होते. तापलेले होते. पायात चप्पल होती.
बावटा कुठला ते कळेना, म्हणून
काठावर बसून बघितलं.

निवृत्तीला एकोणीस महिने. पासपोर्ट काढलेला नाही.
पण खिडकीशी कधी कुणी विचारलंच,
तर माहिती तयार आहे:
निळी बस, शेवटचा थांबा,
ऑगस्ट सोडून केव्हाही.