निळा कुठला ते कळवा

होंडुरास कुठं आहे ते मला मेलवरनं कळलं.
तीनशे डझन नॅपकिन, सोळा बाय सोळा,
कोपऱ्यात दोन झेंडे, काठ्या एकमेकींत अडकवलेल्या:
एक त्यांचा, पाच निळ्या चांदण्यांचा,
दुसऱ्यावर तैवानचा सूर्य, बारा टोकांचा.
टेगुसिगल्पाच्या प्रदर्शनात मैत्रीचा स्टॉल आहे,
असं रोसाल्बा नावाच्या बाईनं लिहिलं होतं.

मी अक्कलकोट रोडला जेकार्डची कार्डं ठोकतो.
भोक असेल तर धागा वर,
नसेल तर खाली.
याहून सरळ गोष्ट मी जगात पाहिलेली नाही.
पण टेरीत टोक भोंगळतं.
बारा टोकं बसवायला तीन रात्री गेल्या,
चौथ्या दिवशी सूर्य सूर्यासारखा दिसला.

निळा पोशम रंगाऱ्यानं काढला, गडद, शाईसारखा.
सूत वाळतंय तोवर दुसरी मेल:
सरकार बदललं, झेंड्याचा निळाही बदलला,
आता फिरोजी.
पोशम हौदावरनं बघत राहिला. "एंदुकु?"
"आपल्यात सरकार बदललं की रस्त्यांची नावं बदलतात,
त्यांच्यात रंग," मी म्हणालो.
"रस्ता उकळावा लागत नाही," तो म्हणाला,
आणि बॉयलरकडे गेला.

मग पुढल्या वर्षी मार्चात, फेरऑर्डर मागावर असताना,
तीन ओळींची मेल.
सूर्य काढा. तिथं लाल रंग, पाच पिवळे तारे,
एक मोठा, चार लहान,
लहानांचं एकेक टोक मोठ्याकडे वळलेलं.
येमूल शेठ म्हणाले, "एका रात्रीत?"
हो, एका रात्रीत.
ब्याऐंशी वर्षांची सोयरीक होती म्हणे.
मला वळलेली टोकं सोपी गेली.
कार्डाला सोयरसुतक नसतं.

विणून झालेला माल गड्ड्यात किलोवर गेला.
आता बाळीवेशीत कुणीतरी तोंड पुसतं
आणि गालाला परदेशी सूर्य लागतो.
माझी भावजय त्यात कडक भाकरी गुंडाळते.
म्हणते, नक्षी चांगलीय, पण हा कुठल्या पक्षाचा?

भैया चौकाजवळ त्या डॉक्टरांचं घर आहे,
इथला पोरगा, चीनमध्ये जखमा बांधता बांधता तिथंच संपला.
तिकडनं पाहुणे येतात, तसबिरीपुढे वाकतात, फोटो काढतात.
ते नातं मात्र कुणी मेल करून विणलेलं नाही.

रोसाल्बा कामाच्या खाली कधी कधी घरचं लिहिते.
ॲपनं मराठी केलं ते असं:
"माझा काका चोलुतेकाला लहान माणसं पाळतो.
तैवान घ्यायचा. आता लहान माणसं कुणी घेत नाही.
काका बर्फ विकत आणतो."
मी दोनदा वाचलं.
पोरीला विचारलं, ती हसली,
कोळंबी, अप्पा, कोळंबी.
मला हसू यायला वेळ लागला.

आमच्या गावात झेंड्याच्या दिवसांत चौघं फासावर गेले.
रोज त्यांच्याच चौकातनं सायकल नेतो.
सिग्नल लाल असला तर खाली पाय टेकतो,
वर बघतो.
हिरवा झाला की मागचे हॉर्न वाजवतात.

मागल्या डिसेंबरात तिथं मतं मोजायला आठवडे लागले.
प्रचारात बोलत होते, सूर्य परत आणू.
आणतील, नाही आणणार, ते शेठनाही ठाऊक नाही,
शेठनी तरी लाल सुताचा गठ्ठा अर्धाच मागवला.
काल रोसाल्बाची मेल आली,
नेहमीसारखी नव्हती, जरा दबकत:
"जुनी कार्डं ठेवली आहेत का?"

शिडी लावून माळ्यावर चढलो.
सुतळीत बांधलेली होती, वर बोटभर तंतूंची धूळ.
एका कडेनं उंदरानं खाल्लीत.
मोजली. दहा टोकं शाबूत.
दोन पुन्हा ठोकावी लागतील.

उत्तर लिहिलं, ॲपला कळेल अशा छोट्या शब्दांत:
कार्डं आहेत. काकांना नमस्कार.
निळा कुठला, ते आधी कळवा.