हल्ली

येळ्ळूरच्या माळावर सकाळी साडेनऊला
दगड हाताला सोसेल इतपतच तापलेला असतो.
गळाच्या काठीला दोऱ्याचा फास लावून मी रांगते,
आणि मागून बाळप्पा दबक्या आवाजात म्हणतो,
"अल्ली, अल्ली... हल्ली."
कन्नडात अल्ली म्हणजे तिकडे, हल्ली म्हणजे पाल.
खरं तर हा सरडा, त्याला तिकडचं नाव ओतिक्यात,
पण बाळप्पाला चार पायांचं, सरपटणारं सगळं हल्लीच.
आणि माझ्या मराठीत हल्ली म्हणजे
आजकाल, या दिवसांत.
वहीत तारीख टाकताना रोज थोडं हसू येतं.

नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत
अठ्ठेचाळीस मिलिमीटर.
मांडी, नडगी, मागच्या पायाचं चौथं बोट.
वजन चार ग्रॅमला जरा कमी.
ओळख म्हणून पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका.
रविवार पेठेत एकदम सहा बाटल्या घेतल्या तेव्हा
दुकानदार म्हणाला, घरात लग्न काय?

मामी विचारते, "डॉक्टर झालीस की गे, मग आता हे काय करालीस?"
डॉक्टर झाल्यानंतरचं असतं ते, मामी.
"मग पर्मनंट कधी?"
करार एकोणीस महिन्यांचा आहे.
यांची एक पिढी साधारण वर्षाची,
म्हणजे मला मिळाली दीड पिढी.
दीड पिढीत कोण किती बदलणार, हा माझा विषय.
मामीला एवढंच सांगते: बघू.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, हे शाळेत पाठ केलं होतं.
ती मी टेपनं मोजली आहे:
सात मीटर, ऊन चांगलं असेल तर अकरा.
घायपाताचं कुंपण होतं तोवर म्हण बरोबर होती.
मग बायपाससाठी जेसीबीनं ते एका दुपारी उपटलं.
दुसऱ्या दिवशी सतरा नंबर धावत आला,
कुंपण असायचं नेमका तिथं थांबला,
मान वर केली
आणि गळ्याखालचा निळा पंखा उघडला, मिटला, उघडला,
समोर नुसता मुरूम.
वहीत लिहिलं: थांबला. कारण माहीत नाही.

दुसरी जागा उद्यमबागेत, बंद पडलेल्या फाउंड्रीमागं.
जळक्या वाळूच्या ढिगावरचे सरडे काळपट,
आखूड पायांचे, ऊन पिणारे.
माळावरच्यांपेक्षा दीड अंश जास्त सोसतात.
दीड अंश म्हणजे किती, हे समजवायला
सरांना तीन आलेख दाखवावे लागले.
बाबांना नाही.
याच भट्टीपुढं त्यांची एकतीस वर्षं गेली.

चाचणी अशी असते:
सरडा डब्यात ठेवायचा, उष्णता हळूहळू वाढवायची.
दर मिनिटाला त्याला पाठीवर उलटा करायचा
आणि बघायचं, आपला आपण सरळ होतो का.
ज्या मिनिटाला होत नाही, तो आकडा लिहायचा,
आणि लगेच बाहेर, ओल्या फडक्यावर.

बाबा एकदा शेजारी बसून बघत होते.
"लगेच काढतीस न्हवं?"
"काढते."
"मग बरं."
आणि त्यांनी चहाचा स्टीलचा पेला उचलला,
वाफाळता, काठोकाठ भरलेला,
उघड्या हातानं.
मी वही मिटली. का, तेही लिहिलेलं नाही.

अर्ज कन्नडात, अहवाल इंग्रजीत,
सरड्याला शिव्या मराठीत.
पायाचा अंगठा ठेचला की बाळप्पाही मराठीतच देतो.

वैशाखात रस्त्याचं काँक्रीट पडलं.
सतरा नंबर आठ दिवस दिसला नाही,
त्याच्या रकान्यात मी प्रश्नचिन्ह घातलं होतं.
नवव्या दिवशी बाळप्पानं हात धरून वळवलं,
"अल्ली."
दुभाजकावर, दोन्हीकडून ट्रक जात असताना,
पाठीवरचा लाल ठिपका अर्धा उडालेला,
पंखा उघडा.
"हल्ली," बाळप्पा म्हणाला.
हो, म्हटलं, हल्ली इथं बसतो.

काँक्रीट: एक्कावन्न अंश.
सरडा: एकोणचाळीस.
मी: मोजलेलं नाही.