आकडा ठरेपर्यंत

पहाटे चारला मी काट्यावरचं फडकं काढतो.
सोसायटीचा काटा, दोन तोंडांचा:
लाल आकडे एकीकडे मला दिसतात,
एकीकडे लिलावाला उभ्या असलेल्यांना.
देवगडच्या बंदरावर बावीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या हातचं ओझं मोठ्याने सांगतो.

लवू तारी, तांडेल, दर्यात जायच्या आधी
चप्पल काढून काट्यावर चढायचा.
"आज माझो भाव काय रे?"
"अठ्ठावन्न चारशे. बांगड्याचो लागात."
"सुरमयेचो लाव मेल्या, बायलेक सांगूक तरी होयो."
आकडा काही ठरायचा नाही.
चारशे, पाचशे, परत चारशे,
हसला की तीनशे.
मी ओरडायचो, श्वास धर.
तो धरायचा.
धरलेला श्वाससुद्धा काट्याला कळायचा.

मासा आम्ही मेलेलाच मोजतो.
जिवंत किती भरला असता, कुणी विचारत नाही.
बर्फात राहिला की पाणी पिऊन वाढतो,
उन्हात पडला की उतरतो,
तो हिशेब मला पाठ आहे:
टोपलीमागे दीड किलो वजा, पाण्याचं.
एक शेवंड तेवढी जिवंत येते.
तिच्या आकड्यासाठी थांबावं लागतं.

नौका परतली ती भर दुपारी.
इंजिनाचा आवाज नेहमीचाच.
जाळं ओढताना छातीत कळ आली म्हणाले,
आदल्या रात्री, निवतीच्या समोर की कुठे.
खणात बर्फ होता, बर्फात सुरमई होती;
सुरमई वर काढून त्यांनी त्याला तिथे ठेवला होता.
चौघांनी धक्क्यावर उतरवला.
"जड झालो," भिकू जुवाटकर म्हणाला, "असो जड नसता तो."
जणू लवूला त्याने रोज उचललं असावं.
टेकवायला कोरडी, सपाट जागा एकच होती.
कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही.
मग बीप वाजला.

मी आकड्यावर तळहात ठेवला.
बावीस वर्षांत काट्याला हात लावला म्हणून
माझ्याकडे कुणी बोट दाखवलेलं नाही.
हात पोचायच्या आत दिसलं ते एवढंच,
की आकडा हलत नव्हता.
चढला, आणि ठरला.
माझ्या बाजूला हात. पलीकडे
पंधरावीस माणसं, डोळे असलेली,
रत्नागिरीचे दोन व्यापारी, बर्फवाला, पोरं.
त्यातलं आजवर कुणी काही बोललेलं नाही.

चहाच्या टपरीवर परुळेकर मास्तर सांगत होते,
कुठल्याशा परदेशी डॉक्टरने खाटेसकट माणसं तोलली होती,
शेवटच्या श्वासाला काही ग्रॅम कमी भरली म्हणे.
"आणि घाम? आणि कपड्यातलं पाणी?" मी विचारलं.
मास्तर म्हणाले, तेच तर भांडण आहे.
माझा काटा शंभर ग्रॅमच्या खाली बोलतच नाही.

बाराव्याला तुळसावैनीने मला पडवीच्या कोपऱ्यात गाठलं.
"कितके भरले?"
मी म्हटलं, बघितलं नाही.
"तू? तू बघूक नाय?"
ती हसली की काय, मला कळलं नाही.
"खिशात चाव्यो होत्यो त्यांच्या," ती म्हणाली,
"कपाटाच्यो. त्यो वजा कर."

दुसऱ्या पहाटे फडकं काढलं.
रिकामा काटा, वर काही नाही,
आणि आकडा: शून्य दशांश एक. दोन. एक.
मीठ बसलं असेल. पुसला,
कोरड्या फडक्याने, मग ओल्या.
खाडीवरून वारा होता, थोडासाच.
एक. दोन.
शून्य करायला बटण आहे, घासून गुळगुळीत झालेलं,
माझ्या अंगठ्याच्या मापाचं.
पहिली होडी लागली, बांगडा भरपूर.
प्रत्येक टोपलीतून ते मी तोंडीच वजा करत गेलो,
दुपारपर्यंत.
व्यापारी म्हणाला, मशीन बिघडलंय तुमचं, दुरुस्त करून घ्या.
म्हटलं, घेतो.